ओल्या कोपऱ्यातला निळा आयरिस

शिकागोच्या पश्चिमेला असलेल्या नेपरव्हिलमध्ये अनेक घरांच्या मागच्या अंगणात एक कोपरा कायम ओला असतो. छपरावरचं पाणी पाइपातून तिथे उतरतं, खालची चिकण माती ते लवकर मुरू देत नाही आणि हिरवळ कुजते. भर टाकून तो बुजवण्याआधी तिथे इथला रानटी निळा आयरिस लावून पाहावा.

वनस्पतिशास्त्रात हा 'आयरिस व्हर्जिनिका', त्यातला 'श्रेव्ही' प्रकार. इलिनॉयच्या दलदलीत, तळ्याकाठी आणि ओल्या कुरणांत तो मुळापासूनचा रहिवासी आहे. उंची दोन-तीन फूट, पानं वेखंडासारखी लांब आणि उभी. मे-जूनमध्ये निळी-जांभळी फुलं येतात. खाली झुकलेल्या पाकळ्यांवर पिवळा ठिपका आणि गडद रेषा असतात. या रेषा बंबलबीला मधाची वाट दाखवतात. बंबलबी पाकळी आणि तिच्यावर छतासारखा पसरलेला स्त्रीकेसराचा भाग यांच्या फटीतून आत घुसते. आत जाताना तिच्या पाठीवरचा दुसऱ्या फुलाचा पराग कुक्षीच्या कडेला घासला जातो; आणखी आत नवा पराग पाठीवर पडतो. परतताना ती कड उलटी दुमडते, त्यामुळे फुलाचा स्वतःचा पराग सहसा तिला लागत नाही. इतकी नेमकी रचना अंगणात पाहायला मिळावी, हे भाग्यच!

लागवडीत खरा घोटाळा होतो तो 'बिअर्डेड' आयरिसमुळे. नर्सरीतल्या त्या लोकप्रिय झाडाचा कंद उघडा आणि कोरडा ठेवावा लागतो. रानटी आयरिसला तोच नियम लावला तर तो सुकतो. त्याचा कंद मातीखाली हलकेच झाकावा, ऊन भरपूर द्यावं आणि माती ओली ठेवावी. थंडीचं भय नाही. उणे २० अंश सेल्सिअसखालचा हिवाळाही तो सोसतो. हरणं आणि ससे त्याच्या वाटेला फारसे जात नाहीत, कारण कंद विषारी असतो. पानं पाहून वेखंड समजून तो उगाळण्याची चूक मात्र कुणी करू नये.

पिवळा आयरिस टाळावाच. तो युरोपातून आलेला. बियांनी आणि कंदाच्या तुकड्यांनी प्रवाहाबरोबर पसरून काठावरच्या मूळ झाडांची जागा घेतो. नेपरव्हिलच्या मधोमध डुपेज नदीची पश्चिम शाखा वाहते, तेव्हा इथे हा धोका कागदावरचा नाही.

रोपं देशी वनस्पतींच्या नर्सरीतून घ्यावीत. स्प्रिंगब्रुक प्रेअरीसारख्या राखीव जागेतून उपटून आणायला बंदी आहे. नेपरव्हिलच्याच मॅकडॉनल्ड फार्मवरून चालणारी 'द कॉन्झर्व्हेशन फाउंडेशन' ही संस्था घरगुती बागांत देशी झाडं लावणाऱ्यांना मार्गदर्शन करते.

बियांपासून सुरुवात करायची तर त्या शरद ऋतूतच उघड्यावर पेराव्यात. थंडीत ओलसर राहिल्याशिवाय त्या नीट रुजत नाहीत. त्याच सुमारास आयरिसच्या वाढलेल्या झाडांची वाळलेली पानं कापून काढावीत, कारण त्याचा कंद पोखरणाऱ्या अळीची अंडी त्यांच्यावरच हिवाळा काढतात.