भोकांची साक्ष

उत्तर फ्रान्समधलं कोंपिएन्य गाव, २०१९ साल. नव्वदीतल्या एका आजींचं घर विकायचं होतं, म्हणून लिलाव करणाऱ्या बाई सामानाची किंमत ठरवायला आल्या. बरंचसं सामान भंगारातच जाणार होतं. स्वयंपाकघरात, हॉटप्लेटच्या वर, वीतभर उंचीचं एक काळवंडलेलं चित्र टांगलेलं होतं. जमाव येशूची टवाळी करतोय, मागे सोनेरी वर्ख. घरच्यांना वाटायचं, असेल काहीतरी देवाचं जुनं रशियन चित्र. बाईंनी मात्र ते पॅरिसला तज्ज्ञांकडे पाठवलं.

तज्ज्ञांनी नाव सांगितलं ते चिमाबुएचं! तेराव्या शतकातला फ्लॉरेन्सचा चित्रकार, परंपरेने प्रसिद्ध चित्रकार जॉत्तोचा गुरू मानला गेलेला. त्याची म्हणून ओळखली जाणारी चित्रं जगात जेमतेम डझनभर.

पण चित्रावर सही नाही, घरात कागदपत्र नाही. मग सातशे वर्षांनी ओळख पटवायची कशी? शैली, सोन्यावर ठोकलेले ठिपके, अंड्याच्या बलकात कालवलेले रंग हे सगळं जुळत होतं. तरी शैलीची नक्कल होऊ शकते. खरी बहारदार साक्ष दिली ती किड्यांनी.

चित्र होतं पॉप्लरच्या फळीवर. लाकूड पोखरणारा भुंगेरा फटीत अंडी घालतो. अळी दोन-चार वर्षं आतल्या आत बोगदे खणत, लाकूड खात राहते आणि शेवटी भुंगेरा होऊन मिलिमीटर-दोन मिलिमीटरच्या भोकातून बाहेर पडतो. बोगद्याला आराखडा नसतो, म्हणून दोन फळ्यांतली नक्षी सारखी निघणं जवळपास अशक्य. आता समजा, पोखरलेली फळी कुणी करवतीने कापली, तर? बोगदे मध्येच तुटतात. फाटलेल्या नोटेच्या कडा जुळवाव्यात तसे तुकडे शेजारी ठेवले, की ते पुन्हा जुळतात.

आणि जुळले! चिमाबुएची अशीच दोन छोटी चित्रं आधीच माहीत होती: एक न्यूयॉर्कच्या फ्रिक संग्रहालयात, दुसरं लंडनच्या नॅशनल गॅलरीत. आजींच्या चित्रातले बोगदे त्यांच्याशी जुळत होते. तिन्ही चित्रं १२८० च्या सुमाराच्या एकाच कलाकृतीचे तुकडे निघाले. लंडनचं चित्रही २००० मध्ये इंग्लंडमधल्या एका घरातच सापडलेलं, हे विशेष.

ऑक्टोबर २०१९ मध्ये लिलाव झाला. अंदाज होता ४० ते ६० लाख युरोंचा, शुल्क धरून किंमत गेली २ कोटी ४० लाखांच्या वर. फ्रेंच सरकारने चित्र देशाबाहेर जाऊ दिलं नाही. २०२३ मध्ये ते पॅरिसच्या लूव्र संग्रहालयाने घेतलं.

मूळ कलाकृतीत आठ चित्रं असावीत, असं तज्ज्ञ मानतात. म्हणजे पाच अजून सापडायची आहेत. तेव्हा घरात कुणाकडे जुनं लाकडी चित्र असेल, तर कृपा करून त्याच्या मागच्या भोकांत लांबी भरू नका.