चार अक्षरांतील पक्षी

पहाटेची वेळ आहे. सूर्योदयास अद्याप अर्धा तास अवकाश आहे. अमेरिकेतील एका आडवळणी रस्त्याच्या कडेला एक मोटार येऊन थांबते. तिच्यातून एक मनुष्य उतरतो, घड्याळाकडे पाहतो आणि स्तब्ध उभा राहतो. तीन मिनिटे तो जागचा हलत नाही. तेवढ्या अवधीत जितके पक्षी दृष्टीस पडतील आणि जितक्यांचे आवाज कानी येतील, तितके सर्व त्याला टिपावयाचे असतात. तीन मिनिटे संपली की तो पुन्हा मोटारीत बसतो, अर्धा मैल पुढे जातो आणि पुन्हा तसाच उभा राहतो. असे ५० थांबे घेता घेता सुमारे ४० किलोमीटरांचा मार्ग पुरा होतो.

हा मनुष्य हौशी पक्षिनिरीक्षक असतो. या कामाबद्दल त्याला वेतन मिळत नाही. सोबतीला लेखनिक घेण्याची त्याला मुभा असते; परंतु ‘तो पाहा, त्या फांदीवर!’ असे सांगण्याची त्या लेखनिकाला सक्त मनाई असते. एका माणसाच्या डोळ्यांनी केलेली गणना दोघांच्या डोळ्यांनी केलेल्या गणनेशी ताडून पाहता येत नाही, हे त्याचे कारण.

तीन मिनिटे हा काळ फार थोडा. जून महिन्यातील पहाटे रानात एकाच वेळी कितीतरी पक्षी बोलू लागतात. अशा वेळी ‘ब्लॅक-थ्रोटेड ग्रीन वॉर्ब्लर’ असे एखाद्या चिमुकल्या पाखराचे लांबलचक नाव पुरते लिहीत बसणाऱ्याची मान कागदावर झुकते आणि तेवढ्यात दुसरे दोन पक्षी समोरून उडून जातात. म्हणून पक्ष्यांची नावे चार अक्षरांत लिहिण्याची पद्धत तेथील निरीक्षकांत रूढ झाली आहे. पक्ष्यांच्या पायांत क्रमांक कोरलेली वाळी घालून त्यांना सोडून देण्याचे काम त्या देशात १९२० पासून एका सरकारी कार्यालयाच्या देखरेखीखाली चालत आले आहे. वाळ्यांची नोंद ठेवण्यासाठी या आखूड नावांचा उपयोग होऊ लागला आणि पुढे ती सर्वांच्याच टिपणवह्यांत शिरली.

नियम सोपा आहे. नाव एका शब्दाचे असेल, तर त्याची पहिली चार अक्षरे घ्यावयाची. दोन शब्दांचे असेल, तर प्रत्येकाची दोन दोन. तीन शब्दांचे असेल, तर पहिल्या दोहोंचे एकेक आणि तिसऱ्याची दोन. आणि चार शब्दांचे असेल, तर प्रत्येकाचे एकेक. ‘अमेरिकन रॉबिन’ हा आपल्या कस्तुराच्या कुळातील, तांबूस छातीचा पक्षी. तो ‘ए-एम-आर-ओ’ झाला. आपल्या टिटवीप्रमाणे ओरडत फिरणाऱ्या ‘किलडिअर’ नावाच्या पक्ष्याच्या वाट्याला मात्र ‘के-आय-एल-एल’ ही अक्षरे आली. इंग्रजीत त्यांचा उच्चार ‘किल’ आणि अर्थ ‘ठार कर’! बिचाऱ्याने कोणाचे काय बिघडविले होते, न कळे. पण नियमापुढे इलाज नाही. ब्रिटनमधील निरीक्षक तर एकदोन अक्षरांवरच भागवितात. नकाशावर ज्या ठिकाणी पक्षी दिसला तेथे ते त्याची अक्षरे मांडतात आणि तो गात असेल, तर त्यांभोवती वर्तुळ काढतात.

खरी अडचण पुढेच आहे. अमेरिकेत ‘बार्न आउल’ आणि ‘बार्ड आउल’ अशी दोन घुबडे आहेत. पहिले आपल्या गव्हाणी घुबडाचे भावंड, बदामाच्या आकाराच्या पांढऱ्या चेहऱ्याचे, शेतांच्या आणि कोठारांच्या आसपास राहणारे. दुसऱ्याच्या अंगावर पट्टे असतात आणि ते जुन्या, दाट अरण्यात झाडाच्या ढोलीत घरटे करते. नियम लावून पाहिला, तर दोघांचीही अक्षरे येतात ‘बी-ए-ओ-डब्ल्यू’! लिहिणाऱ्याला त्या दिवशी आपण काय पाहिले ते आठवत असते; परंतु तीच वही दुसऱ्याच्या हाती गेली, म्हणजे घुबड शेतातले की अरण्यातले, हे कोणी सांगावे? म्हणून तज्ज्ञांनी येथे नियम मोडला. पहिल्याला ‘बी-ए-एन-ओ’ आणि दुसऱ्याला ‘बी-ए-डी-ओ’ अशी अक्षरे त्यांनी दिली. वर आलेल्या चिमुकल्या पाखराचीही हीच कथा. त्याच्या नावातील ‘ग्रीन’च्या जागी ‘ग्रे’ असलेला त्याचा एक भाऊबंद आहे. एक पूर्वेकडील रानांत राहतो, दुसरा पश्चिमेकडील. आपापल्या गावी कोणाचाच घोटाळा झाला नसता. पण साऱ्या देशाची टिपणे एकत्र झाली, की पूर्व आणि पश्चिम एक होण्याची भीती. तेव्हा ‘ग्रीन’ आणि ‘ग्रे’ या शब्दांचे आरंभीचे अक्षर सोडून अखेरचे घेण्यात आले.

एवढा काटेकोरपणा कशासाठी, असे तुम्ही विचाराल. १९६० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत मेरीलँड राज्यातील चँडलर रॉबिन्स या पक्षिशास्त्रज्ञाला एका स्त्रीचे पत्र आले. तिच्या परिसरात डीडीटी हे कीटकनाशक फवारल्यानंतर रॉबिन पक्षी मरून पडू लागले होते. देशात इतरत्रही असेच घडत आहे काय, असे तिने विचारले होते. प्रश्न साधा होता. पण रॉबिन्सपाशी त्याचे उत्तर नव्हते. साऱ्या देशातील रॉबिन कोणी मोजलेच नव्हते! मग दरवर्षी त्याच मार्गांवर, त्याच पद्धतीने पक्षी मोजण्याची योजना त्याने आखली आणि १९६६ मध्ये ती सुरू झाली. आरंभी वर्णन केलेला तीन मिनिटांचा थांबा हा त्याच योजनेचा भाग होय. आज अमेरिका आणि कॅनडा मिळून असे चार हजारांहून अधिक मार्ग ठरविलेले आहेत.

एका वहीतील आकड्यांवरून फारसे काही कळत नाही. यंदा रॉबिन कमी दिसले, कदाचित पाऊस असेल. परंतु हजारो वह्या आणि पन्नास वर्षे एकत्र आली, तेव्हा शास्त्रज्ञांना हिशेब मांडता आला. २०१९ मध्ये तो प्रसिद्ध झाला. १९७० च्या तुलनेत उत्तर अमेरिकेतील पक्ष्यांची संख्या सुमारे २९० कोटींनी घटली होती. म्हणजे चारांतील एकाहून अधिक पक्षी नाहीसा झाला होता. गवताळ रानांतील पक्ष्यांची हानी सर्वांत मोठी होती.

आपल्या देशातही हजारो निरीक्षक तळ्याकाठची, शेतातली, अंगणातली आपली टिपणे आता संगणकाच्या साहाय्याने एकत्र करतात. अशा ३०,००० हून अधिक लोकांच्या सुमारे ३ कोटी नोंदींवरून भारतीय पक्ष्यांच्या स्थितीचा अहवाल २०२३ मध्ये तयार झाला. ज्या ३३८ जातींविषयी दीर्घ काळचे अनुमान काढता आले, त्यांतील २०४ जाती घटल्या आहेत आणि ३६ वाढल्या आहेत. वाढलेल्यांत आपला मोर आहे.

मराठी नावे आखूड करावयाची झाली, तर कसे होईल? ‘खंड्या’ आणि ‘दयाळ’ यांना कात्री लावण्याचे कारणच नाही. ‘पांढरा धोबी’ सुखाने ‘पां. धो.’ होईल. पण ‘राखी बगळा’ आणि ‘रातबगळा’ हे दोघेही ‘रा. ब.’! शिवाय दोघेही पाण्याकाठी राहणारे आणि दोघांच्याही अंगावर राखी रंग. तेव्हा तळ्यावर जाण्यापूर्वी एकाला ‘राखी ब.’ आणि दुसऱ्याला ‘रात ब.’ म्हणावयाचे, असे वहीच्या पहिल्याच पानावर लिहून ठेवावे लागेल. नाहीतर तिन्हीसांजेला उडालेला ‘रा. ब.’ नेमका कोणता, हे वर्षभराने लिहिणाऱ्यालाही सांगता यावयाचे नाही.