इंग्रजींतील ‘जेरंड’ आणि आपलें ‘करणें’

इंग्रजी व्याकरणांतील ज्या प्रकरणाशीं येतांच आपल्याकडील चांगल्या चांगल्या विद्यार्थ्यांचें पाऊल अडखळतें, त्या ‘जेरंड’ नामक प्रकरणाचा आज थोडा विचार करावयाचा आहे. नांव परकें आहे. लॅटिन व्याकरणांतून तें इंग्रजीनें उचललें. नांवामागची वस्तु मात्र परकी नाहीं, आणि सोलापूरकरांच्या तर ती फार दिवसांच्या परिचयाची आहे. 1877 सालीं येथें निघालेली व पुढें ‘जुनी गिरणी’ म्हणून लोकांच्या तोंडीं बसलेली जी गिरणी, तिचें कागदोपत्रीं नांव ‘सोलापूर स्पिनिंग अँड वीव्हिंग कंपनी’ असें होतें. ती गिरणी केव्हांच बंद पडली. परंतु ‘स्पिनिंग’ म्हणजे सूत काढणें आणि ‘वीव्हिंग’ म्हणजे विणणें, हे शब्द इंग्रजीचें एक अक्षरही न शिकलेल्या कामगारांनीं बिनचूक वापरले. क्रियेलाच नाम करून तिचा उल्लेख करावयाचा, एवढेंच जेरंडाचें काम होय.

याला आपले वैयाकरण ‘धातुसाधित नाम’ म्हणतात. मराठींत धातूस ‘णें’ लावला कीं तें तयार होतें. सोलापुरांत एकाच पेठेंत तीन भाषा कानावर पडतात, त्यामुळें येथें ही गोष्ट दाखविणें सोपें जातें. मराठी मनुष्य ‘विणणें’ म्हणेल, कन्नड भाषिक ‘नेयुवुदु’ म्हणेल आणि तेलुगु बोलणारा पद्मशाली विणकर ‘नेयडम्’ म्हणेल. तिघांचेही प्रत्यय निराळे, पण काम एकच. इंग्रजांनीं त्यासाठीं ‘इंग’ पत्करला.

मग अडचण कोठें येते? अडचण अशी, कीं इंग्रजीचा हा ‘इंग’ दोन घरचा पाहुणा आहे. सुमारें हजार वर्षांपूर्वींच्या इंग्रजींत क्रियेचें नाम करणारा प्रत्यय ‘उंग’ किंवा ‘इंग’ असा होता, आणि ‘करणारा’, ‘करीत असलेला’ अशा अर्थाचें विशेषण करणारा प्रत्यय ‘एंडे’ असा अगदीं वेगळा होता. पुढील शतकांत उच्चार झिजत गेले, ‘एंडे’ मागें पडला आणि त्याची जागाही ‘इंग’नेंच बळकावली. आज एकाच रूपाकडे पाहून तें नाम आहे कीं विशेषण आहे, हें संदर्भावरून ओळखावें लागतें. आगगाडीच्या स्टेशनवर ‘ड्रिंकिंग वॉटर’ अशी पाटी असते. तें पाणी कांहीं पीत नाहीं. तें पिण्याचें पाणी. उलट ‘रनिंग वॉटर’ म्हणजे वाहतें पाणी. ‘स्पिनिंग मिल’ ही सूत काढण्याची गिरणी, पण ‘स्पिनिंग टॉप’ हा गरगर फिरणारा भोंवरा. मराठींत ‘ण्याचा, ण्याची, ण्याचें’ असा अर्थ बसला तर तें नाम, आणि ‘णारा’ किंवा ‘ता’ बसला तर विशेषण, ही कसोटी घरांतील लहान मुलालाही लावतां येईल.

जेरंड नाम झाला म्हणून त्याच्या अंगचें क्रियापद मात्र मरत नाहीं. ‘रीडिंग बुक्स’ यांत ‘बुक्स’ हें कर्म सरळ पुढें येतें. पण ‘द रीडिंग ऑफ बुक्स’ म्हटलें कीं तें शुद्ध नाम होतें आणि कर्माला ‘ऑफ’चा आधार घ्यावा लागतो. आपल्याकडेही ‘पुस्तकें वाचणें’ आणि ‘पुस्तकांचें वाचन’ यांत हाच भेद आहे. त्याचा उलगडा वर्गांत क्वचितच केला जातो, याचें नवल वाटतें.

आतां खऱ्या धोक्याच्या जागेकडे येऊं. समजा, एखाद्या कामगाराला वरिष्ठांकडे इंग्रजींत अर्ज करावयाचा आहे, कीं मालकानें मजुरी देणें थांबविलें. ‘देणें’ याला ‘टु पे’ हा प्रतिशब्द त्यानें पाठ केलेला असतो, म्हणून तो लिहितो, ‘द ओनर स्टॉप्ड टु पे अस’. या वाक्याचा अर्थ, मालक आम्हांला पैसे देण्यासाठीं थांबला! तक्रारीची स्तुति झाली. तेथें ‘स्टॉप्ड पेइंग अस’ असेंच हवें. ‘स्टॉप’च्या पुढें जेरंड आला तर तीच क्रिया बंद पडते, आणि ‘टु’ आला तर तो हेतु सांगतो. ‘रिमेंबर’ची गोष्टही अशीच. ‘आय रिमेंबर्ड टु लॉक द डोअर’ म्हणजे कुलूप लावावयाची आठवण मला राहिली व मीं तें लावलें. ‘आय रिमेंबर लॉकिंग द डोअर’ म्हणजे कुलूप लावल्याचें मला आठवतें. मराठी येथें ‘लावावयाचें’ आणि ‘लावल्याचें’ अशीं दोन रूपें वापरून पुढचा काळ व मागचा काळ स्वच्छ वेगळा करते. ज्याला हा मराठी भेद कळला त्याला इंग्रजी भेद निराळा शिकवावा लागत नाहीं.

तरीपण मराठी सर्वच ठिकाणीं हात देईल असें नाहीं. इंग्रजींत शब्दयोगी अव्ययानंतर क्रिया आली कीं ती बहुतेक जेरंडाच्याच रूपानें येते. ‘बिफोर गोइंग’ला आपण ‘जाण्यापूर्वीं’ म्हणतों, तेव्हां ‘णें’ दिसतो व विद्यार्थी सुखानें पुढें जातो. पण ‘आफ्टर ईटिंग’ म्हणजे ‘जेवल्यावर’, ‘विदाउट ईटिंग’ म्हणजे ‘न जेवतां’, ‘बाय वर्किंग’ म्हणजे ‘काम करून’. तिकडे एकच रूप आहे, तर इकडे त्याचीं चार झालीं. द्वारकानाथ राघोबा तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेवर आपल्या कित्येक पिढ्या इंग्रजी शिकल्या. भाषांतराची ती पद्धति मला आजही टाकाऊ वाटत नाहीं. मात्र शब्दास शब्द ठेवून भाषांतर करणारा येथें हमखास फसतो. अर्जाच्या शेवटीं ‘आय लुक फॉरवर्ड टु मीट यू’ असें लिहिणारे पदवीधर पुष्कळ आढळतात. तेथील ‘टु’ हा क्रियापदाचा नसून शब्दयोगी अव्यय आहे, म्हणून ‘टु मीटिंग यू’ हेंच बरोबर. शंका आल्यास त्या ‘टु’पुढें एखादें साधें नाम ठेवून पाहावें, ‘युअर रिप्लाय’ हे शब्द तेथें बसतात, म्हणजे जेरंडही बसेल.

संस्कृत घेणाऱ्या विद्यार्थ्यांसाठीं एक सूचना. व्हिटने यांनीं 1879 सालच्या आपल्या संस्कृत व्याकरणांत ‘गत्वा’, ‘आगम्य’ अशा रूपांना ‘जेरंड’ म्हटलें आहे. तीं आपल्या ‘जाऊन’, ‘येऊन’सारखीं अव्ययें होत; इंग्रजी जेरंडाशीं त्यांचें नांवापुरतेंच साम्य आहे. इंग्रजीला जवळचें रूप पाहावयाचें तर ‘गमनम्’, ‘पठनम्’ यांकडे पाहावें.

राहतां राहिला जेरंडाच्या कर्त्याचा प्रश्न, आणि त्यावर खुद्द इंग्रजी पंडितांतही जुंपलेली आहे. ‘त्याचें येणें मला आवडलें नाहीं’ हें इंग्रजींत ‘हिज कमिंग’ असें षष्ठीनें सांगावें कीं ‘हिम कमिंग’ असें म्हटलें तरी चालेल? फाउलर यांनीं दुसऱ्या तऱ्हेवर कडक हल्ला चढविला आणि 1926 सालच्या आपल्या प्रसिद्ध कोशांतही ती त्याज्य ठरविली. डेन्मार्कचे पंडित येस्पर्सन यांनीं जुन्यानव्या लेखकांचे दाखले पुढें करून त्यांना विरोध केला. 2002 सालीं निघालेल्या केंब्रिजच्या मोठ्या व्याकरणानें तर जेरंड व विशेषण हा भेदच मोडून दोहोंस मिळून एकच नांव दिलें. औपचारिक पत्रांत ‘हिज’ लिहावें हें बरें. बोलण्यांत ‘हिम’ सर्रास चालतें. मराठी कानाला या वादाचें फारसें आश्चर्य वाटूं नये, कारण आपणही ‘त्याचें येणें लांबलें’ असें म्हणतों आणि लगेच ‘तो येणें शक्य नाहीं’ असेंही म्हणतों, आणि या दोहोंपैकीं एक अशुद्ध आहे असें कोणी म्हणत नाहीं.