शाली काढा, सवाई आलं!

डिसेंबर उजाडला की पुण्यात दोन माणसं भेटल्यावर पहिला प्रश्न ठरलेला असतो: "सीझन तिकीट काढलंस का?" कशाचं, हे सांगावं लागत नाही. गाणं, नाटक, सिनेमा, पुस्तकं यांची या महिन्यात इतकी रेलचेल असते की आज संध्याकाळी कुठे जायचं यावरून घरोघरी वाद रंगतात. त्या गर्दीतल्या या काही गमतीच्या गोष्टी. यातल्या काही तुम्हाला ठाऊक असतील, पण पुन्हा सांगाव्यात अशाच आहेत.

एकाला टिळकांनी, दुसऱ्याला खापर्ड्यांनी

'बालगंधर्व' हे नाव नारायणराव राजहंसांना लोकमान्य टिळकांमुळे मिळालं, हे शाळकरी मुलंही सांगतात. कुंदगोळच्या रामभाऊंना 'सवाई गंधर्व' ही पदवी मात्र टिळकांचे जवळचे सहकारी दादासाहेब खापर्डे यांनी दिली. रामभाऊ हे उस्ताद अब्दुल करीम खाँसाहेबांचे शिष्य. त्यांनी संगीत नाटकांत स्त्रीभूमिकाही गाजवल्या होत्या. १९५२ साली ते गेले आणि पुढच्याच वर्षी त्यांच्या एकतीस वर्षांच्या शिष्यानं गुरूच्या स्मरणार्थ पुण्यात उत्सव सुरू केला. त्या शिष्याचं नाव भीमसेन जोशी. आर्य संगीत प्रसारक मंडळाच्या वतीनं आजही हाच उत्सव भरतो. २०११ च्या जानेवारीत पंडितजी गेले आणि उत्सवाच्या नावात गुरूशेजारी शिष्याचंही नाव आलं: सवाई गंधर्व भीमसेन महोत्सव.

आता थोडं गणित. १९५३ पासून दरवर्षी एक महोत्सव धरला तर २०२४ चा बहात्तरावा व्हायला हवा होता, पण तो झाला सत्तरावा. मधली दोन वर्षं, २०२० आणि २०२१, करोनानं नेली. त्याआधी २००९ च्या स्वाइन फ्लूनंही या उत्सवाला हात लावला होता. पण तो महोत्सव रद्द झाला नाही. तो पुढे ढकलून जानेवारीत घेतला, म्हणून मोजणी तुटली नाही.

दहाच्या नियमानं राग बदलले

जुन्या सवाईच्या आठवणी काढताना मंडळी रात्रभराच्या मैफिलींबद्दल बोलतात. मध्यरात्रीनंतर दरबारी किंवा मालकंस, पहाटे ललित आणि उजाडल्यावर घोंगडी खांद्यावर टाकून घरी. ध्वनिक्षेपकाला रात्री दहाची मर्यादा आली आणि हे सगळं थांबलं. आता एखाद्या दिवशी बारापर्यंत परवानगी मिळते, तेवढीच. बैठक दुपारीच सुरू होते आणि पाच दिवस, बुधवार ते रविवार, चालते.

यात काय गेलं ते सगळेच सांगतात. काय मिळालं ते फारसं कुणी सांगत नाही. मुलतानी, भीमपलास, पटदीप, मधुवंती हे दुपारचे राग आधी मोठ्या जाहीर मैफिलीत फार कमी ऐकायला मिळायचे, कारण दुपारी मैफल करतो कोण? सवाईची बैठक दुपारी तीनला बसायला लागली तशी या रागांना हजारो कानांची हक्काची जागा मिळाली. पहाटेच्या ललितची हळहळ मलाही आहे आणि ती जाणार नाही. पण दुपारी साडेतीनच्या उन्हात मांडवात बसून ऐकलेला मुलतानी काय असतो, हे कळायचं तर पहिल्या कलाकारालाच जाऊन बसावं. पहिल्या सत्रात बहुतेक वेळा तरुण गायक-वादक असतात. सहा वाजता ऑफिस सुटल्यावर येणाऱ्यांना ते कधीच भेटत नाहीत.

जागा बदलली तेव्हाही अशीच हळहळ झाली होती. रमणबागेचं मैदान सोडून २०१८ पासून महोत्सव मुकुंदनगरच्या महाराष्ट्रीय मंडळाच्या पटांगणात भरतो. पेठांतून चालत जाणाऱ्यांची गैरसोय झाली, मांडव मात्र प्रशस्त झाला. भारतीय बैठक आहे, मागे खुर्च्या आहेत, बाजूला खाण्याचे स्टॉल आहेत. तिथेच सतीश पाकणीकरांनी टिपलेल्या कलावंतांच्या प्रकाशचित्रांचं प्रदर्शनही असतं. त्यांची दिनदर्शिका घेतल्याशिवाय काही जणांचं नवं वर्ष सुरूच होत नाही.

कडू भोपळ्याचं गोड काम

मांडवात जमलं तर पुढे जाऊन कलाकार बदलतानाची दहा मिनिटं नीट बघा. दोन तानपुरे उभे राहतात. आधी खुंट्या पिळून तारा ढोबळ लावतात. मग खाली भोपळ्याजवळचे मणी केसभर वरखाली सरकवून सूर अचूक करतात. शेवटी घोडीवर, तारेच्या खाली असलेला रेशमाचा किंवा सुताचा बारीक दोरा बोटानं जरासा पुढेमागे करतात. तो दोरा बरोबर जागी बसला की इतका वेळ नुसती वाजणारी तार एकदम गुंजायला लागते. यालाच जवारी लागली म्हणतात. डिसेंबरातल्या संध्याकाळी हवा झपाट्यानं गार होते, तारांचा सूर हलतो आणि हे सगळं पुन्हा पहिल्यापासून करावं लागतं. मागे बसलेले शिष्य गाता गाताच डोळे मिटून मणी सरकवताना दिसतील.

यातले पुष्कळ तानपुरे मिरजेचे. त्यांचा भोपळा पंढरपूर-मंगळवेढ्याकडच्या शेतांत पिकतो. तो कडू जातीचा असतो, म्हणून कीड लागत नाही. दीडेकशे वर्षांहून जुन्या या धंद्याला २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळालं. मिरजेची सतार आणि मिरजेचा तानपुरा ही आता कायद्यानं राखलेली नावं आहेत.

पडद्यावरचा मुलगा, मांडवातला पंडित

सवाई गंधर्वांचे शिष्य म्हटलं की गंगूबाई हनगल आणि भीमसेनजी ही नावं आधी येतात. तिसरं नाव पंडित फिरोज दस्तुरांचं, आणि त्यांची कथा सगळ्यांत अनपेक्षित. हे पारशी गृहस्थ लहानपणी सिनेमात होते. वाडियांच्या 'लाल-ए-यमन' या १९३३ च्या बोलपटात बालकलाकार म्हणून ते झळकले होते. पुढे त्यांनी चित्रपट सोडला, गाणं धरलं आणि वर्षानुवर्षं गुरूच्या उत्सवात हजेरी लावली.

डॉ. प्रभा अत्रे यांच्याकडे विज्ञानाची आणि कायद्याची अशा दोन पदव्या होत्या, दोन्ही पुण्यातल्याच महाविद्यालयांतून घेतलेल्या. महोत्सवाची सांगता त्यांच्या गाण्यानं व्हायची, असा अनेक वर्षांचा रिवाज झाला होता. १३ जानेवारी २०२४ ला त्या गेल्या. ती शेवटची जागा आता कुणीही भरली तरी ऐकणाऱ्याला त्यांची आठवण होणारच.

आणि अगदी शेवटी, सगळे कलाकार झाल्यावर, सवाई गंधर्वांची भैरवीतली ठुमरी लावतात. जुनी ध्वनिमुद्रिका, खरखरीसकट. ती संपेपर्यंत जाणते श्रोते जागचे हलत नाहीत. पार्किंगमधून गाडी लवकर काढायची म्हणून आधी निघालात तर पाच दिवसांतली फार मोलाची मिनिटं हुकतील.

सोळा डिसेंबर, भरत नाट्य मंदिर

१६ डिसेंबर १९७२ ला सदाशिव पेठेतल्या भरत नाट्य मंदिरात एका नाटकाचा पहिला प्रयोग झाला. लेखक विजय तेंडुलकर, दिग्दर्शक जब्बार पटेल, संगीत भास्कर चंदावरकर, नृत्यरचना कृष्णदेव मुळगुंद. 'घाशीराम कोतवाल'. पडदा कापडाचा नव्हताच, माणसांचा होता. पगड्या घातलेल्या ब्राह्मणांची ओळ प्रेक्षकांसमोर उभी राहायची, गात डोलायची आणि पाठ फिरवली की भिंत व्हायची. त्या भिंतीमागे नाना फडणवीस काय करतात हे प्रेक्षकाला दिसायचं नाही आणि तरी सगळं कळायचं.

घाशीराम हा पुण्याचा खराखुरा कोतवाल. १७९१ साली पुण्यातच त्याला दगडांनी ठेचून मारलं. म्हणजे नाटकाची घटना जिथे घडली, तिथून पायी जाता येईल एवढ्या अंतरावर पहिला प्रयोग झाला. आक्षेपांचं वादळ उठलं आणि एकोणीस प्रयोगांनंतर प्रोग्रेसिव्ह ड्रॅमॅटिक असोसिएशननं नाटक थांबवलं. कलाकार थांबले नाहीत. २७ मार्च १९७३ ला त्यांनी थिएटर ॲकॅडमी ही स्वतःची संस्था काढली, पुढच्या वर्षी प्रयोग पुन्हा सुरू केले आणि १९८० मध्ये तेच नाटक युरोपात नेलं.

यातली आणखी एक गंमत बी. जे. मेडिकल कॉलेजची. जब्बार पटेल बालरोगतज्ज्ञ, नाना फडणवीस साकारणारे मोहन आगाशे मनोविकारतज्ज्ञ, सतीश आळेकर याच कॉलेजात जीवरसायनशास्त्राचे संशोधक. त्यांच्याआधीचे श्रीराम लागू कान-नाक-घशाचे शल्यविशारद, तेही इथलेच. एका वैद्यकीय महाविद्यालयानं मराठी रंगभूमीला इतकी माणसं दिल्याचं दुसरं उदाहरण मला माहीत नाही.

भरत नाट्य मंदिराचा डिसेंबर अजूनही तसाच गजबजलेला असतो. हौशी राज्य नाट्य स्पर्धेचा हा हंगाम. दिवसभर बँकेत, शाळेत, कारखान्यात काम करून रात्री तालीम केलेली मंडळी रंगमंचावर येतात, तिकीट अगदी स्वस्त असतं आणि प्रेक्षागृहात पुष्कळदा जागा रिकाम्या असतात. हे मला खटकतं. पुढच्या पाच-दहा वर्षांत ज्यांच्या नाटकांना तुम्ही चढ्या दरानं रांग लावणार आहात, ते आज कदाचित इथेच उभे असतील.

बारा डिसेंबर, प्रभात

१२ डिसेंबर १९३६ ला मुंबईच्या सेंट्रल सिनेमात 'संत तुकाराम' लागला. बनला होता पुण्यात, प्रभातच्या स्टुडिओत. तिथेच आता फिल्म इन्स्टिट्यूट आहे. दामले-फत्तेलाल यांचं दिग्दर्शन, विष्णुपंत पागनीसांचे तुकोबा. एकाच चित्रपटगृहात वर्षाहून अधिक काळ चाललेला आणि व्हेनिसच्या महोत्सवात गौरवला गेलेला हा चित्रपट. त्यातला एक अभंग इतका अस्सल वाटतो की तो तुकोबांचाच समजून अनेकांनी गाथा चाळली. तो सापडणार कसा? लिहिला होता प्रभातचे गीतकार शांताराम आठवले यांनी.

सकाळी काय करायचं?

सवाई दुपारी, नाटक रात्री. मग सकाळ मोकळी. महोत्सवाच्या दिवसांत शिवाजीनगरच्या सवाई गंधर्व स्मारकात 'षड्ज' या नावानं कलावंतांवरचे माहितीपट दाखवतात. प्रवेश विनामूल्य असतो आणि गर्दी बेताची.

नाहीतर बाजीराव रस्त्याजवळचं राजा दिनकर केळकर संग्रहालय गाठा. दिनकर केळकरांचं चष्म्यांचं दुकान होतं आणि 'अज्ञातवासी' या नावानं ते कविता लिहीत. लहानपणीच गेलेल्या राजा या मुलाच्या नावानं त्यांनी हे संग्रहालय उभारलं आणि पुढे वीस हजारांच्या घरातल्या वस्तू शासनाच्या हवाली केल्या. अडकित्ते, दिवे, वज्री, दौती, कोरीव दरवाजे, वाद्यं. राजेरजवाड्यांपेक्षा घरातल्या माणसांची कला इथे जास्त दिसते. कोथरूडचा मस्तानी महालही इथे आणून पुन्हा उभा केलेला आहे.

पुस्तकवाल्यांसाठी फर्ग्युसनचं मैदान आहे. पुणे पुस्तक महोत्सव २०२३ पासून डिसेंबरात तिथे भरतो. पाय दुखेपर्यंत फिरावं असा.

ज्यांनी कोनशिला बसवली, त्यांनी उद्घाटन पाहिलं नाही

बालगंधर्व रंगमंदिराची कोनशिला १९६२ साली खुद्द बालगंधर्वांच्या हस्ते बसवली गेली. वास्तू कशी असावी यात पु. ल. देशपांड्यांनी बारकाईनं लक्ष घातलं होतं. २६ जून १९६८ ला, बालगंधर्वांच्या ऐंशीव्या जन्मदिनी, तिचं उद्घाटन झालं. तोवर बालगंधर्व जाऊन जवळपास वर्ष होत आलं होतं. आत गेलात तर चित्रकार गोपाळ देऊसकरांनी रंगवलेले बालगंधर्व पाहायला विसरू नका: एक पुरुषवेशातले, एक स्त्रीवेशातले.

मोठ्या नाट्यगृहांत न मावणारं नाटक आता छोट्या जागांत होतं. शनिवार पेठेतलं सुदर्शन रंगमंच, एरंडवण्यातलं द बॉक्स, हिराबागेतलं श्रीराम लागू रंग-अवकाश. इथे नट हातभर अंतरावर असतो आणि प्रयोगानंतर लेखक-दिग्दर्शक दारातच भेटतात. शंभर-दीडशे प्रेक्षकांवर ही ठिकाणं चालतात, म्हणून तुमच्या एका तिकिटानं तिथे खरोखर फरक पडतो.

तेव्हा या महिन्यात सवाईला तर जाच, शाल आणि बसायला चटई घेऊन, दुपारी तीनला, पहिल्या कलाकाराला. आणि त्याच आठवड्यात अजून नाव न झालेल्या कुणाचं तरी एक नाटक किंवा एक मैफल, पदरचे पैसे देऊन, शेवटपर्यंत बसून बघा.