बालवर्तन पदनिर्धारण श्रेणी
बालकाच्या नेहमीच्या वर्तनाविषयी त्याच्या निकटच्या व्यक्तींचे मत अंकांत नोंदविण्याचे मानसशास्त्रीय साधन. प्रश्नावलीतील प्रत्येक विधान बालकाला कितपत लागू पडते, हे आईवडील वा शिक्षक ठरवितात आणि मिळालेले गुण समवयस्कांच्या प्रमाणकांशी ताडून पाहिले जातात.

ब्रिटनमधील रॉबर्ट गुडमन यांच्या श्रेणीत (१९९७) अवघी २५ विधाने असून त्यांत इतरांना साहाय्य करण्यासारख्या गुणांचाही समावेश आहे. प्राथमिक चाळणीस ती सोयीची ठरते. अमेरिकेतील टॉमस आकेनबाक यांच्या श्रेणीत शंभरावर विधाने असून भीती, खिन्नता यांसारख्या आंतरिक आणि आक्रमकतेसारख्या बाह्य समस्यांचे स्वतंत्र चित्र तीतून मिळते. कीथ कॉनर्स यांच्या १९६९ पासून विकसित होत गेलेल्या श्रेणींचा उपयोग मुख्यतः अवधानाचा अभाव व अतिचंचलता यांच्या मापनासाठी होतो.

नोंद करणारी व्यक्ती बदलली, की गुणही बदलतात. आकेनबाक व सहकाऱ्यांनी १९८७ मध्ये ११९ अध्ययनांचा आढावा घेतला. त्यात आई व वडील यांसारख्या समान भूमिकेतील व्यक्तींच्या नोंदींत सरासरी सहसंबंध ०·६० आढळला. पालक व शिक्षक यांसारख्या भिन्न भूमिकांतील व्यक्तींत तो केवळ ०·२८ होता. ही तफावत निव्वळ मापनदोष नव्हे. वर्गात अस्वस्थ असणारे मूल घरी शांत असू शकते.

म्हणून एकाच व्यक्तीने दिलेल्या गुणांवरून बालकाला ‘समस्याग्रस्त’ ठरविणे अन्यायाचे होते. या श्रेणी निदानाला साहाय्यक असल्या, तरी मुलाखत व प्रत्यक्ष निरीक्षण यांची जागा त्या घेऊ शकत नाहीत.