उतारवयातील शरीराची मशागत

बैलजोडीच्या नांगराचे तास २० सेंटिमीटर रुंद धरले, तर एक एकर जमीन एकवार नांगरण्यासाठी माणसास बैलांमागे सुमारे २० किलोमीटर चालावे लागते. आज साठी-सत्तरीत असलेल्या अनेक शेतकऱ्यांनी तरुणपणी ही चाल केली आहे. त्यासाठी त्यांना वेगळ्या व्यायामाची गरज कधी भासली नाही. आता नांगरट ट्रॅक्टरने होते आणि पाणी विजेच्या पंपाने चढते. पुढे कारभार मुलांच्या हाती गेला, की घरातील वडीलधारा माणूस ओट्यावर बसून राहतो. हा विसावा त्याने कष्टाने मिळविलेला असतो, यात शंका नाही. परंतु पूर्ण विसावा शरीरास मानवत नाही.

बळ का सरते ?

वय वाढते तसे स्नायू हळूहळू झिजतात आणि साठीनंतर ही झीज अधिक वेगाने होते. पहिला परिणाम मांड्या व पिंढऱ्यांवर दिसतो. बाजेवरून उठताना हात टेकावा लागतो, उंबरठा ओलांडताना तोल जातो. हाडेही ठिसूळ होतात. पाळी थांबल्यानंतर स्त्रियांमध्ये हे विशेष आढळते. अशा स्थितीत न्हाणीघरात किंवा गोठ्यात पाय घसरला, तर खुब्याचे हाड मोडण्याचा धोका असतो. खुबा मोडला, की चालते-फिरते माणूस अंथरुणास खिळते. शस्त्रक्रियेचा खर्च घरावर पडतो आणि ऐन हंगामात एक धडधाकट माणूस शुश्रूषेस गुंततो. पुष्कळ वृद्ध पुन्हा पूर्वीसारखे चालू शकत नाहीत.

“आयुष्यभर कष्ट केले, आता व्यायाम कशास हवा ?” असे अनेकजण विचारतात. कष्ट आणि व्यायाम यांत फरक आहे. खुरपणी करणाऱ्या बाईची कंबर दिवसभर वाकलेली राहते, पण तिचे खांदे व पाठ पुरेशी ताणली जात नाहीत. कष्टात काही ठराविक अवयवच झिजतात; व्यायामात प्रत्येक अवयवास माफक व मोजके काम मिळते. शिवाय तरुणपणी केलेल्या कष्टाची शिल्लक म्हातारपणी पुरत नाही. दरवर्षी नवी मशागत केल्याविना जमीन पीक देत नाही, तसेच हे आहे.

या वयात बळ वाढणार नाही, हा समजही खरा नव्हे. अमेरिकेतील बोस्टन येथे नव्वदीच्या आसपासच्या अशक्त वृद्धांकडून आठ आठवडे वजन उचलण्याचा व्यायाम करवून घेण्यात आला. १९९० साली प्रसिद्ध झालेल्या या प्रयोगात त्यांच्या मांड्यांचे बळ सरासरीने दुपटीहून अधिक वाढल्याचे आढळले. न्यूझीलंडमध्ये ८० वर्षांवरील स्त्रियांना घरच्या घरी पायांचे बळ व तोल यांचे व्यायाम देण्यात आले. १९९७ साली प्रसिद्ध झालेल्या त्या प्रयोगात पडण्याचे प्रसंग सुमारे एक तृतीयांशाने कमी झाले.

कोणता व्यायाम करावा ?

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० सालच्या शिफारशीनुसार ६५ वर्षांवरील व्यक्तींनी आठवड्यातून १५० ते ३०० मिनिटे मध्यम श्रमाची हालचाल करावी. किमान दोन दिवस बळाचे आणि तीन दिवस तोल सांभाळण्याचे व्यायाम करावेत. त्यासाठी कोणतेही विकतचे साहित्य लागत नाही.

१. चालणे : आठवड्यातून पाच दिवस, रोज अर्धा तास चालावे. चालताना बोलता यावे, पण गाणे म्हणता येऊ नये, इतका वेग पुरे. एकदम अर्धा तास जमत नसेल, तर दहा-दहा मिनिटांच्या तीन फेऱ्या कराव्यात.

२. उठणे-बसणे : गुडघ्याइतक्या उंचीच्या पक्क्या खुर्चीवर बसून, हात छातीशी धरून उठावे व सावकाश बसावे. खुर्ची भिंतीस टेकवून ठेवावी. बाजेची नवार खाली झोळते, म्हणून ती यासाठी घेऊ नये. प्रथम पाच वेळा करून हळूहळू दहापर्यंत जावे.

३. टाचा उचलणे : खांबास धरून दोन्ही टाचा वर उचलाव्यात व सावकाश टेकाव्यात. असे दहा वेळा करावे.

४. तोल सांभाळणे : भिंतीस हात लावून, एका पावलाची टाच दुसऱ्या पावलाच्या बोटांस टेकवीत सरळ रेषेत दहा पावले चालावे. हे घरातील सपाट जमिनीवर करावे, शेताच्या बांधावर नव्हे.

५. वजन उचलणे : पाण्याने भरलेली लिटरची बाटली सुमारे एक किलो भरते. दोन्ही हातांत एकेक बाटली घेऊन ती कोपरातून वाकवून खांद्यापर्यंत दहा वेळा उचलावी. श्वास कोंडू नये.

सावकाश वाढवावे

उन्हाळाभर दावणीस बांधलेला बैल मृगाच्या तोंडावर पहिल्याच दिवशी कोणी दिवसभर जुंपीत नाही. तोच नियम येथेही पाळावा. आळंदीहून पंढरपूरची वाट सुमारे २५० किलोमीटरची आहे. वारीस जाऊ इच्छिणाऱ्या वृद्धांनी दोन-तीन महिने आधीपासून चालणे वाढवीत न्यावे.

रक्तदाब, मधुमेह किंवा हृदयविकार असणाऱ्यांनी प्राथमिक आरोग्य केंद्रातील डॉक्टरांचा सल्ला घेऊनच आरंभ करावा. व्यायाम करताना छातीत दुखले, चक्कर आली किंवा फार धाप लागली, तर तत्काळ थांबून वैद्यकीय मदत घ्यावी. जेवणानंतर लगेच किंवा भर उन्हात व्यायाम करू नये. पावसाळ्यात चिखलात फिरण्याऐवजी पडवीत फेऱ्या घालाव्यात.

स्नायूंस खतपाणीही हवे. केवळ भाकरी-चटणीवर ते पोसत नाहीत. डाळ, उसळ, दूध, ताक, शेंगदाणे आणि चालत असल्यास अंडी यांपैकी काही ना काही प्रत्येक जेवणात असावे.

कार्यकर्त्यांनी काय करावे ?

ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनी भजनी मंडळ, महिला बचत गट व आशा स्वयंसेविका यांच्या साहाय्याने दहा-बारा वृद्धांचा गट करावा. मंदिराचा सभामंडप किंवा समाजमंदिर ही जागा सोयीची पडते. स्त्रियांसाठी त्यांच्या सोयीची वेगळी वेळ ठेवावी. अन्यथा घरकामामुळे त्या मागे राहतात. पहिल्या दिवशी प्रत्येकाची साधी परीक्षा घ्यावी : हात न टेकता खुर्चीवरून पाच वेळा उठण्या-बसण्यास किती सेकंद लागतात, ते घड्याळ लावून वहीत टिपावे. त्या वेळी जवळ एक माणूस उभा ठेवावा. १४ सेकंदांत ज्यांना हे जमत नाही, त्यांच्याकडे अधिक लक्ष द्यावे व त्यांना आरोग्य केंद्रात दाखवावे. दोन महिन्यांनी पुन्हा मोजणी करावी. आकडा सुधारलेला दिसला, की व्याख्यानाहून त्याचाच प्रभाव अधिक पडतो.

घरातील तरुणांचेही यात काम आहे. न्हाणीघरातील शेवाळ खरवडून काढावे, रात्रीच्या वाटेवर दिवा ठेवावा आणि वडील माणसांच्या हातातले झेपणारे काम प्रेमापोटीही काढून घेऊ नये. वासरास पाणी दाखविणे, परसातील भाजीस झारीने पाणी घालणे ही कामे त्यांच्याकडेच राहू द्यावीत. कोणत्या शेतात पाणी साचते, कोणत्या वाणास कोणती जमीन मानवते, हे ज्ञान त्यांच्यापाशी आहे. ते स्वतःच्या पायांनी बांधापर्यंत येऊ शकले, तरच त्या ज्ञानाचा शेतीस उपयोग होईल.