फ्लू येतो दप्तरासोबत!

जूनमध्ये शाळा भरल्या, मुकुंदवाडीच्या गल्ल्यांत स्कूल व्हॅन आणि रिक्षा पुन्हा धावू लागल्या, की फ्लूही हजर! महाराष्ट्रात त्याचा मुख्य जोर पावसाळ्यात. जानेवारी ते मार्चमध्ये दुसरी फेरी. लसीचा परिणाम दिसायला साधारण दोन आठवडे लागतात, म्हणून मे महिन्यातच टोचून घेतलेली बरी.

ताप चढायच्या आदल्या दिवसापासूनच फ्लू पसरू लागतो. मोठ्यांकडून पाच-सात दिवस, लहानांकडून त्याहून जास्त. म्हणजे पोरगं रिक्षात दाटीवाटीनं हसत-खेळत बसलेलं असतं, तेव्हाच वाटप सुरू झालेलं असतं!

जपाननं १९६२ पासून शाळकरी मुलांना सरसकट फ्लूची लस दिली. १९९४ मध्ये ती मोहीम थांबली आणि हिवाळ्यात वृद्धांचे मृत्यू वाढले. तोवर नातवाच्या दंडावरची सुई आजीचाही जीव राखत होती. मला तर लसीच्या बाजूनं याहून मोठा पुरावा सापडत नाही.

सहा महिन्यांखालच्या बाळाला ही लस देत नाहीत. त्याचं संरक्षण आईकडून येतं, तिनं गरोदरपणी लस घेतली असेल तर. राज्य शासनानं २०१५ मध्ये गर्भवतींसाठी ती मोफत सुरू केली; जवळच्या आरोग्य केंद्रात नक्की विचारा. सहा महिने ते पाच वर्षांच्या मुलांना दरवर्षी, आणि पहिल्या वर्षी चार आठवड्यांच्या अंतरानं दोन डोस.

दरवर्षी का? विषाणू सारखा रूप बदलतो. मात्र त्याचा एक प्रकार, बी/यामागाता, मार्च २०२० नंतर जगात कुठंच खात्रीनं सापडलेला नाही. कोरोनातल्या मास्क आणि अंतरानं बहुधा तोच संपला!

स्टीलवर, प्लास्टिकवर फ्लूचा विषाणू २४ ते ४८ तास टिकू शकतो. दाराची कडी, डबा, बाटली, सगळीकडे मुलांचे हात जातात. नळाला कित्येक दिवसांआड पाणी येणाऱ्या आपल्या शहरात 'हात धुवा' म्हणणं सोपं, हे ठाऊक आहे. पण काम साबण आणि चोळणं करतं. हात ओले करा, २० सेकंद चोळा, मग धुवा. तांब्याभर पाणी पुरतं.

फ्लूच्या तापात मुलांना ॲस्पिरिन मुळीच देऊ नका. यकृत आणि मेंदूला इजा करणारा राय सिंड्रोम होऊ शकतो. उरलेलं अँटिबायोटिकही नको, विषाणूवर ते चालत नाही. फ्लूवरचं ऑसेल्टामिव्हिर डॉक्टरांच्या सल्ल्यानं पहिल्या ४८ तासांत सुरू झालं तर सर्वांत उपयोगी. धाप लागली, ओठ निळसर झाले, मूल पाणीही पिईना, तर सकाळची वाट बघू नका. तडक घाटी रुग्णालय गाठा.